दोह्यात जपानी कोण शिकणार?

प्रश्न : माझी मुलगी जपानीची एन-२ (जपानी भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) पास आहे. पुण्यात एका क्लासमध्ये तीन वर्षं शिकवते. लग्नानंतर ती कतारला, दोह्याला जाईल. कतार जपानला गॅस विकतो, म्हणजे तिथे जपानीला मागणी असेलच ना? की तिनं दुसरं काही शिकून घ्यावं? – एक वडील, चिंचवड

उत्तर : नमस्कार. गॅसचा हिशेब आधी डोक्यातून काढा. १९९७ पासून कतारचा गॅस जहाजांनी जपानला जातोय हे खरं, पण तो व्यवहार इंग्रजीत चालतो. त्यातला एक मोठा दीर्घ मुदतीचा करार तर २०२१ अखेर संपलासुद्धा.

विद्यार्थी येतील ते कार्टूनमुळे. अरब घरांतल्या दोन पिढ्या अरबी आवाजातली जपानी कार्टून बघत वाढल्यात. 'कॅप्टन त्सुबासा' तिकडे 'कॅप्टन माजिद' झाला. हौसेनं येणारी ही मुलं कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, सुरू झाली की गळतात. पुण्यात वेगळं होतं का, लेकीलाच विचारा. देश जेमतेम तीस लाखांचा, त्यातही बहुतेक बाहेरून आलेले. पहिल्या वर्षी पूर्णवेळ पगाराची नोकरी धरून चालू नका.

मला काळजी वाटते ती शिकवण्याची. मराठी मुलांना जपानी शिकवताना आपण नकळत मराठीचा टेकू घेतो. 'पुने नि इकिमास' म्हणजे 'पुण्याला जाते': 'नि'च्या जागी 'ला', क्रियापद शेवटी, संपलं! अरबीत असा शब्द नामाच्या आधी येतो आणि क्रियापद वाक्यात पुढे असतं. म्हणजे तिची हातखंडा युक्ती तिथे बाद. अरबीत 'प' नाही, त्यामुळे ब्रेडला जपानीत म्हणतात तो 'पान' पोरांच्या तोंडी 'बान' होतो. (हा 'पान' आणि आपला पाव, दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. वर्गात सांगायला बरं.) 'इ-ए' आणि 'उ-ओ' यांतही गोंधळ होतो. उलट ऱ्हस्व-दीर्घ आणि जोड व्यंजनं त्यांच्या कानात मुरलेली असतात. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या, 'ओबाआसान' म्हणजे आजी. आपली मुलं आजीची मावशी करतात, ती सहसा करणार नाहीत.

म्हणून दुसरं काही शिकायचंच असेल तर अरबी शिकू दे. लिपी आणि प्राथमिक व्याकरण इथेच उरकता येईल. एन-२ वर थांबू नये. संस्था आधी जपानी माणूस शोधतात, त्यांच्यापुढे एन-१, म्हणजे सर्वांत वरची पातळी, आणि शिक्षक प्रशिक्षण लागतंच. जपानमध्ये ४२० तासांचा अभ्यासक्रम हे त्याचं जुनं, ओळखीचं माप. तेवढं लगेच जमणार नाही, पण जपानी भाषा-संस्कृतीचा परदेशात प्रसार करणाऱ्या जपान फाउंडेशनच्या दिल्ली कार्यालयाकडे शिक्षकांसाठी काय आहे ते विचारावं. अरब जगासाठी त्यांचं कार्यालय कैरोला आहे, तेही लक्षात असू द्या.

पुण्याचा क्लास मात्र सोडू नये. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे इथली संध्याकाळची ऑनलाइन बॅच तिला दुपारी घेता येईल. पण एक सांभाळा : नवऱ्याच्या व्हिसावर गेलं म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं होत नाही. घरी शिकवणी सुरू करण्याआधी, ऑनलाइन बॅचसाठीसुद्धा, काय चालतं ते जावयांना त्यांच्या कंपनीत लेखी विचारायला सांगा.

एन-१ जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. कतारमध्ये रविवार कामाचा दिवस. लग्नाची तारीख ठरवताना जमलं तर ती परीक्षा पुण्यातच होऊन जाऊ द्या.