पाणाड्याच्या (जमिनीतलं पाणी दाखवणाऱ्याच्या) हातावर नारळ उभा राहिला, तिथेच बोअर घ्यावी का?
तेवढ्यावर घेऊ नका, आधी पाणाड्याची परीक्षा घ्या. पायाळूपणा (पायाकडून जन्मलेल्याला पाणी कळतं हा समज), जमिनीतल्या लहरी यांवर वाद घालत बसलात तर जिंकेल तोच. त्याचा तो रोजचा धंदा आहे. त्याने दाखवलेल्या जागा बांधापासून टेपने मोजून लिहून ठेवा, खूण करू नका. मग डोळे बांधून त्याच वावरात पुन्हा फिरवा आणि नारळ कुठे उठतो ते बघा. जर्मनीत कासेलला १९९० साली अशा ३० जणांना तपासलं होतं: ५० सेंटीमीटर खोल पुरलेल्या नळीतून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं. निकाल नाणेफेकीइतकाच. मात्र काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये असतं, त्यामुळे यंत्राने केलेला सर्व्हेही चुकू शकतो.