पॅराडाइमला प्रतिमान म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: एम.एड.चा प्रबंध मराठीत लिहायचाय, त्यात ‘क्वालिटेटिव्ह रिसर्च पॅराडाइम्स’ची तुलना करणारं एक प्रकरण आहे, तर त्याला ‘गुणात्मक संशोधन प्रतिमाने’ म्हटलेलं चालेल का, आणि प्रतिमान म्हणजे मॉडेल असेल तर पॅराडाइम आणि मॉडेल एकच का.

प्रतिमान हा शब्द चूक नाही, कोशात तो मिळेल, पण शिक्षणशास्त्रात मी तो टाळेन. कारण बी.एड.ला आपण सगळेच ‘अध्यापनाची प्रतिमाने’ शिकलोय, संकल्पना प्राप्ती प्रतिमान, अग्रत संघटक प्रतिमान, आणि तिथे प्रतिमान म्हणजे मॉडेल, वर्गात पायरी-पायरीने वापरायची गोष्ट. तोच वाचक संशोधनाच्या प्रकरणात प्रतिमान वाचतो आणि इथेही पायऱ्या शोधायला लागतो. पॅराडाइममध्ये पायऱ्या नसतात, पायऱ्या ठरवायच्या आधी जे गृहीत धरलेलं असतं ते म्हणजे पॅराडाइम.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शेजारी ठेवून दाखवलेला नमुना. व्याकरणात पॅराडाइम म्हणजे आपली रूपावली, रामः रामौ रामाः पाठ केलं की देव आणि वृक्ष तसेच चालवता येतात. विज्ञानाचा इतिहासकार थॉमस कूनने १९६२ साली तो शब्द विज्ञानाच्या इतिहासात आणला तेव्हा हा व्याकरणाचा अर्थ त्याच्यासमोर होताच, पण त्याने तो इतका ताणला की मार्गारेट मास्टरमन या बाईंनी त्याच्या पुस्तकात या एका शब्दाच्या २१ वेगवेगळ्या छटा मोजून दाखवल्या. त्यामुळे एक नेमका मराठी शब्द सापडत नाही हा काही मराठीचा दोष नाही, शब्द मुळातच पसरट आहे. शिक्षण संशोधनात मात्र तो बराच आवरलाय. एगॉन गूबा आणि इव्होना लिंकन या संशोधनपद्धतीच्या अभ्यासकांनी १९९४ च्या लेखात तीन प्रश्न ठेवले: वास्तव कसं आहे, ते जाणणारा आणि जाणलं जाणारं यांचं नातं काय, आणि मग ते जाणायचं कसं. या तिन्हींची एकमेकांना धरून असलेली उत्तरं म्हणजे एक पॅराडाइम. एकमेकांना धरून असणं महत्त्वाचं असल्यामुळे मला ‘विचारव्यूह’ हा शब्द आवडतो, व्यूहात प्रत्येकाची जागा दुसऱ्यावरून ठरते. ‘विचारचौकट’सुद्धा चालेल, फक्त ‘सैद्धांतिक चौकट’, म्हणजे अभ्यासाला आधार म्हणून घेतलेले सिद्धांत, वेगळी असते आणि ती तुमच्या दुसऱ्या प्रकरणात येणारच, म्हणजे पुन्हा घोळ.

आता ‘गुणात्मक’. हा रुळलाय, बदलू नका, पण पहिल्यांदा वापराल तिथे दोन ओळी समजावून लिहा, कारण शाळेत गुण म्हणजे मार्क! गुणपत्रिका, गुणानुक्रम, पैकीच्या पैकी गुण, सगळीकडे आकडेच, आणि आपण मात्र ‘गुणात्मक’ म्हणतोय ते आकड्यांवर न बेतलेल्या संशोधनाला. गुणवत्ता वाढीचा प्रकल्प आहे का, असं मला एका शिक्षकांनी विचारलंय आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

तुलना कशी करायची यावर तुम्ही विचारलं नाहीये पण लिहितोच, कारण ती मराठीत खूप सुंदर दिसते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं मूल घ्या. दिवाळीच्या आसपास आई-बाप मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बीडकडून कारखान्याच्या भागात जातात, मूलही जातं, आणि शाळा थांबते. आता या एका घटनेला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. सरकारी अहवालात ती ‘गळती’. गळती मोजता येते, तिची कारणं शोधता येतात, उपाय करून कमी झाली का ते तपासता येतं, पण गळतीत मूल बोलत नाही. हा प्रत्यक्षार्थवादी विचारव्यूह, आणि ‘अमुक उपक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ ही शीर्षकं इथूनच येतात. तेच मूल सांगतं ‘माझी शाळा सुटली’. सुटली, म्हणजे हातातून निसटली, कुणी सोडली नाही. या ‘सुटली’मध्ये त्याला काय म्हणायचंय, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहताना, उसाच्या फडावर धाकट्याला सांभाळताना त्याला शाळा कशी आठवते, हे त्याच्या बाजूने समजून घेणं म्हणजे अन्वयार्थवादी. आणि तिसरा कुणी म्हणतो, सुटली कसली, ते मूल मुलगी असेल तर तिला ‘शाळेतून काढली’. आता लगेच कर्ता शोधावा लागतो, कुणी काढली, कुणाच्या सोयीसाठी, नवरा-बायकोला मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांचं एक एकक, धरायच्या पद्धतीत पोरींच्या वाट्याला काय येतं. हा चिकित्सक विचारव्यूह, तो सत्तेचा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

मुलाखत या तिघांनाही घेता येते. म्हणून ‘मुलाखती घेतल्या म्हणून विचारव्यूह गुणात्मक’ असं वाक्य प्रबंधात येऊ देऊ नका, पद्धत वेगळी आणि विचारव्यूह वेगळा.

एक अडचण उरते ती कन्स्ट्रक्टिव्हिझमची. त्याला आपल्याकडे ‘ज्ञानरचनावाद’ म्हणतात, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर तो प्रत्येक प्रशिक्षणात ऐकलाय, पण तिथे तो मूल कसं शिकतं याबद्दल आहे. गूबा-लिंकन यांच्या विचारव्यूहांच्या यादीतला कन्स्ट्रक्टिव्हिझम मात्र, संशोधक आणि ज्याच्याशी तो बोलतो ते दोघं मिळून अर्थ घडवतात, याबद्दल आहे. मी तिथे नुसतं ‘रचनावादी विचारव्यूह’ लिहीन आणि तळटीप देईन. संरचनावाद मात्र नको, तो स्ट्रक्चरलिझम, वेगळाच विचार.

तर शीर्षक ‘गुणात्मक शैक्षणिक संशोधनातील विचारव्यूह : तुलना’, आणि पहिल्या परिच्छेदात एकदा ‘पॅराडाइम, म्हणजे विचारव्यूह’ असं लिहून टाका, परीक्षकांना कळेल. अन्वयार्थवादी बाजूने जाणार असाल तर अजून एक विनंती. आई म्हणाली असेल ‘धाकट्याला कोण बघणार, म्हणून पोरीला संगं नेलं’, तर ते तसंच छापा. मी प्रबंधांची प्रुफं तपासतो आणि अशी वाक्यं विश्लेषणात ‘पालकांची शिक्षणाविषयी उदासीनता’ झालेली मी कितीदा पाहिलीत. त्या बाईच्या वाक्यात उदासीनता कुठेच नाहीये.