नॅशनल टीमची कोच व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी २४ वर्षांची आहे, कॉलेजच्या टीममध्ये मिडफिल्डला खेळायचे, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खेळणं संपलं. सध्या शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. एक दिवस महिलांच्या नॅशनल टीमची कोच व्हायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात त्यासाठी आधी स्वतः मोठी खेळाडू असावं लागतं. खरंच तसं असतं का? आणि इंग्लंडच्या महिला टीमच्या कोच सरिना विगमन तिथपर्यंत कशा पोचल्या ते पण सांगा ना.

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि पहिलं नाव डोक्यात आलं ते एमा हेजचं. वयाच्या १७ व्या वर्षी शाळेच्या स्कीइंगच्या ट्रिपवर तिचा घोटा दुखावला आणि खेळाडू म्हणून सगळं तिथेच थांबलं, तुझ्यापेक्षाही लवकर. मग ती अमेरिकेत गेली, छोट्या टीम, कॉलेजच्या टीम असं करत शिकवत राहिली, परत इंग्लंडला येऊन आर्सेनल क्लबमध्ये असिस्टंट झाली, पुन्हा अमेरिकेत शिकागोच्या टीमची कोच झाली आणि २०१० मध्ये तिथून तिला काढून टाकलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तिच्या नावापुढची बक्षिसं सगळ्यांना माहिती असतात पण हे वर्ष कुणी सांगत नाही. २०१२ मध्ये ती इंग्लंडच्याच चेल्सी क्लबमध्ये आली, १२ वर्षं राहिली, ७ वेळा लीग जिंकली, मग अमेरिकेच्या नॅशनल टीमने बोलावलं आणि तिथे गेल्यावर तीनच महिन्यांत पॅरिस ऑलिंपिकचं गोल्ड, फायनलला ब्राझीलवर १-०. ते तीन महिने दिसतात, त्यामागची वीस-बावीस वर्षं दिसत नाहीत.

जिल एलिसचं तर अजून वेगळं. ती कुठल्याच देशाच्या सिनियर टीमकडून कधी खेळली नाही, कॉलेजनंतर ऑफिसात टेक्निकल रायटरची नोकरी करत होती. ती सोडून कमी पगारावर कॉलेजच्या टीमची असिस्टंट झाली, आणि पुढे अमेरिकेची कोच म्हणून २०१५ आणि २०१९ असे लागोपाठ दोन वर्ल्ड कप जिंकले. तेव्हा घरच्यांना ही दोन नावं जरूर सांग.

आता विगमन. त्या स्वतः नेदरलँड्सकडून खूप मॅच खेळल्या, कॅप्टनही होत्या, हे खरंय. पण लहानपणी मुलींसाठी टीमच नव्हती म्हणून केस बारीक कापून मुलांच्यात खेळायच्या. १९८९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत खेळायला गेल्या आणि तिथे मुलींच्या फुटबॉलला केवढा मान मिळतो, मैदानं कशी असतात, हे डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर काय, तर हेग शहरात शाळेत पीटीच्या टीचर! दिवसा शाळा, संध्याकाळी प्रॅक्टिस, बरीच वर्षं असंच. २००६ मध्ये टेर लेडे क्लबची टीम हातात घेतली, २००७ पासून एडीओ डेन हाग क्लबला सात वर्षं, तिथे २०१२ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकलं. मग नॅशनल टीमची असिस्टंट. मधल्या काळात कोचिंगचं सगळ्यात वरचं, म्हणजे प्रो लायसन्स पूर्ण केलं आणि त्यासाठी स्पार्टा रॉटरडॅमच्या पुरुषांच्या ज्युनियर टीमसोबत कामही केलं. हे लायसन्सचं मनावर घे, आपल्याकडे डी, सी, बी, ए आणि मग प्रो अशा पायऱ्या असतात, प्रत्येक पायरीला वेळ आणि पैसे दोन्ही जातात, आणि वरच्या पायऱ्यांना प्रवेश मिळायला हातात टीम असावी लागते. म्हणून तुझ्या शाळेच्या मुली सोडू नकोस, आधी डी लायसन्स कर.

जानेवारी २०१७ मध्ये विगमन मुख्य कोच झाल्या, ते सुद्धा आधीच्या कोचला काढलं म्हणून, आणि घरच्याच मैदानावर युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, सहा महिन्यांवर आलेली. ती त्यांनी जिंकली, फायनलला डेन्मार्कवर ४-२.

प्रश्न : महिलांच्या टीमना सुद्धा पुरुष कोचच जास्त का दिसतात?

उत्तर : दिसतात, खरंय. २०२३ च्या वर्ल्ड कपला ३२ टीममध्ये १२ कोच बायका होत्या, आणि क्वार्टर फायनलला पोचलेल्या आठ टीममध्ये एकच, विगमन. कारण सरळ आहे, मोठ्या जागेवर नेमताना मोठ्या जागेचा अनुभव बघतात आणि बायकांना तो मिळायला मधल्या जागाच दिल्या गेल्या नाहीत. मला याचा मनापासून राग येतो. जर्मनीने असिस्टंटलाच पुढे आणायचं ठरवलं, तर टीना टॉयनेने २००३ चा वर्ल्ड कप जिंकला आणि तिची असिस्टंट सिल्विया नाइडने २००७ चा. म्हणजे जागा दिली की जमतं.

प्रश्न : माझी मुलगी जिल्ह्याच्या टीममध्ये गोलकीपर आहे. मला एक कळत नाही, नॅशनल टीम वर्षात थोड्याच मॅच खेळते, मग तिचा कोच बाकी वेळ करतो काय?

उत्तर : दादा, खेळाडू क्लबच्या असतात हो. ठरलेल्या तारखांनाच क्लब त्यांना सोडतात, त्यामुळे कोचच्या हातात एका वेळी आठ-दहा दिवस येतात, त्यातला एक दिवस प्रवासात, एक दिवस थकवा उतरण्यात. बाकी वेळ क्लबच्या मॅच बघणं, फिजिओशी फोन, कोण फॉर्मात आहे, कोणाचं मन लागत नाहीये, आणि सगळ्यात अवघड म्हणजे एखादीला समोर बसवून सांगणं की या वेळी तू नाहीस.

तुमची मुलगी गोलकीपर आहे म्हणून हे सांगतेच. विगमन आता इंग्लंडच्या कोच आहेत, २०२२ ची युरो त्यांनी सहाही मॅचला तेच अकरा जण उतरवून जिंकली होती, आणि त्यात गोलमध्ये होती मेरी अर्प्स, लोकांची एकदम लाडकी. २०२५ च्या युरोआधी विगमननी हॅना हॅम्प्टनला पहिली पसंती दिली. स्पर्धेला पाचेक आठवडे उरले असताना अर्प्सने इंग्लंडकडून खेळणंच सोडलं, केवढी चर्चा झाली, आणि इंग्लंड पहिलीच मॅच फ्रान्सकडून हरलं. विगमननी गोलकीपर बदलली नाही.

फायनल बासेलला, समोर स्पेन, १-१, एक्स्ट्रा टाइममध्येही काही नाही, पेनल्टी. मारिओना काल्देंतेय आली, हॅम्प्टनने अडवला. मग ऐताना बोनमाती आली, जगातली सगळ्यात भारी खेळाडू म्हणून जिला बॅलन दॉर मिळालेला, तिचाही अडवला. शेवटचा इंग्लंडच्या क्लोई केलीने मारला आणि इंग्लंड ३-१ ने जिंकलं. कधी तुमची मुलगी बेंचवर बसून घरी आली, की तिच्यासोबत ते शूटआऊट पुन्हा लावून बघा, आणि हॅम्प्टन लाइनवर कशी थांबते, किती उशिरा झेप घेते ते तिला तुम्हाला समजावून सांगू दे.