बिटकॉइन महाग झाला म्हणजे स्थिरावला का?

प्रश्न : माझा मुलगा बिटकॉइन घेतो. तो म्हणतो, "भाव लहान होता तेव्हा उड्या मारायचा. आता लाख डॉलर ओलांडून झाले, यापुढे शांत राहील." शेअर बाजारही तेजीत शांत असतो, हे मी पाहिलंय. मुलाचं बरोबर आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शेअर बाजाराबद्दलचं तुमचं निरीक्षण अचूक आहे. दलालाच्या ऑफिसात माझी बरीच वर्षं गेली. निफ्टी सावकाश चढत असला की इंडिया विक्स, म्हणजे पुढे किती चढउतार अपेक्षित आहेत ते सांगणारा आकडा, खाली पडून असायचा. बाजार कोसळला की तो उसळायचा. मार्च 2020 मध्ये तो 80 च्या पलीकडे गेला होता.

क्रिप्टोत मात्र भाव चढतानाही चढउतार वाढतात. डिसेंबर 2017 आठवा. महिन्याच्या सुरुवातीला बिटकॉइन 10 हजार डॉलरच्या आसपास होता, 17 तारखेला 20 हजारांच्या उंबरठ्यावर पोचला आणि 22 तारखेला 13 हजारांच्याही खाली आला. तेजी दिसली की नवखे धावत येतात, आणि आज त्यातले कितीतरी फ्युचर्समध्ये, म्हणजे नाणं न घेता नुसत्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उधारीवर खेळतात. स्वतःचा एक लाख लावून दहा लाखांचा सौदा केला, तर भाव दहा टक्के विरुद्ध जायच्या आतच एक्स्चेंज सौदा परस्पर कापतं. त्या विक्रीने भाव आणखी पडतो, मग पुढच्याचा सौदा कापला जातो. मंदीवाल्यांचे, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावणाऱ्यांचे, सौदे कापताना सक्तीची खरेदी होते, त्यामुळे वर जातानाही असेच झटके बसतात. बाजार चोवीस तास चालू, आणि भाव फार हलला की व्यवहार थांबवणारं शेअर बाजारासारखं सर्किट नाही.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. टक्क्यांत पाहिलं तर बिटकॉइनचे चढउतार वर्षागणिक कमी होत आलेत. पण ते बाजार खोल झाल्यामुळे, म्हणजे घेणारे-विकणारे वाढल्यामुळे; जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत स्पॉट ईटीएफ (खरे बिटकॉइन बाळगणारे, शेअरसारखे घेता येणारे फंड) आल्यावर मोठा संस्थात्मक पैसाही आला. एका नाण्याची किंमत किती, याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि पाच टक्के म्हणजे हजार डॉलरवर 50, लाखावर 5,000.

मुलाला आधी विचारा, नाणी रोखीने घेतलीत की फ्युचर्स? फ्युचर्स असतील तर माझं स्पष्ट मत, ते आजच बंद करावेत. नाणी असतील तर कर विसरू नये: नफ्यावर 30 टक्के, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.