फ्लायव्हील वीज साठवतं, तयार करत नाही

फ्लायव्हील म्हणजे वेगानं फिरवून ऊर्जा साठवायचं जड चाक. त्याबद्दलची पत्रं फिरून फिरून एकाच गैरसमजापाशी येतात, की ते वीज तयार करतं. म्हणून चार प्रश्न एकत्र घेतले आहेत.

गच्चीवर सोलर आहे. दिवसाची वीज फ्लायव्हीलमध्ये साठवून रात्री कूलर चालेल का? (मानेवाडा)

नाही. चाकातली वीज इतका वेळ पुरत नाही, रात्रभरासाठी बॅटरीच लागते.

क्षणभर वीज गेली तरी आमचं सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन बंद पडतं. फ्लायव्हील यूपीएस घेतला की जनरेटर नको, असं विक्रेता म्हणतो. (हिंगणा एमआयडीसी)

यूपीएस उपयोगी आहे, विक्रेत्याचं म्हणणं चूक आहे. असे यूपीएस पूर्ण लोडवर साधारण 15-20 सेकंद तग धरतात. जनरेटर सुरू होऊन लोड घेईपर्यंतचीच ती सोय. आपल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात लेड-ॲसिड बॅटरी लवकर मरते, तो त्रास इथे नाही. ‘पूर्ण लोडवर किती सेकंद’ हे लेखी घ्या आणि ऑर्डरआधी विद्युत अभियंत्याकडून लोड मोजून घ्या.

एक जण 1 एचपीची मोटर, फ्लायव्हील आणि अल्टरनेटर (फिरवलं की वीज देणारं यंत्र) जोडून फुकट वीज देतो म्हणतो. संत्र्याच्या बागेतला पंप त्यावर चालेल? दीड लाख मागतो. (काटोल)

दादा, एक रुपयाही देऊ नका. मोटरनं 100 युनिट घेतले, तर शाफ्टवर 80 मिळाले असं धरा. अल्टरनेटर त्यातले 68 देईल, पट्ट्याची घसट वेगळीच. मग मोटरला पुन्हा 100 कोण देणार? चाक दिलेलंच परत करतं, तेही घट कापून. आणि मावतं तरी किती? 100 किलोचं, 60 सेंटिमीटर व्यासाचं भरीव चाक मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरवलं, तर साधारण 15 वॅट-तास. एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास! व्हिडिओवर जाऊ नका. मेनची वायर काढून पंपाच्या लोडवर अर्धा तास चालवून दाखव, म्हणावं.

मला जास्त काळजी जिवाची आहे. त्या चाकाचा काठ ताशी 170 किलोमीटरनं धावत असतो. बॅलन्स न केलेलं, गावात वेल्डिंग केलेलं चाक फुटलं, तर पत्र्याची शेड तुकडे अडवू शकत नाही. ॲडव्हान्स दिला असेल, तर पावती आणि मेसेज जपून ठेवा, याच आठवड्यात वकिलाला किंवा ग्राहक आयोगाला भेटा. पंपासाठी महावितरणच्या कार्यालयात सौर कृषी पंप योजनेची चौकशी करा.

मग अमेरिकेत फ्लायव्हीलचं 20 मेगावॅटचं केंद्र कसं चालतं? (विद्यार्थी, कोराडी)

न्यूयॉर्क राज्यातल्या स्टीफनटाउनला 2011 पासून 200 चाकं आहेत. ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या जाळ्यात, वीज जास्त झाली की ती वेग घेतात, कमी पडली की परत देतात. काम फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) सांभाळण्याचं, तेही काही मिनिटांच्या हिशोबात. तुमच्या कोराडीतले 660 मेगावॅटचे टर्बाइन-जनरेटर फिरत्या वजनाच्या जोरावर पहिल्या काही सेकंदांचा धक्का असाच झेलतात. प्रोजेक्ट करणार असाल, तर चाक फिरवण्याआधी प्राध्यापकांना डिझाइन दाखवा.