पाठीचा कणा नाही हो, गालातून फाया फिरवतात

प्रश्न : ताई, वाळपईहून लिहितेय. माझ्या बहिणीचा मुलगा 7 वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात रक्त नीट बनतच नाही, दर तीन आठवड्यांनी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात रक्त चढवायला न्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी बसवणं, झालं तर बरा होऊ शकतो, पण त्याच्या मोठ्या बहिणीचं मॅच झालं नाही. आता मोहल्ल्यात डोनर नोंदणीचा कॅम्प घ्यायचं चाललंय तर कोणी म्हणतं पाठीच्या कण्यातून काढतात, माणूस लुळा पडतो, कोणी म्हणतं आपल्या मजहबमध्ये चालत नाही, आणि मुलींच्या आया तर विषयच काढू देत नाहीत. माझा एक भाबडा प्रश्न पण आहे, देशात एवढी माणसं असताना आमच्याच लोकांच्या मागे का लागायचं?

उत्तर : भाबडा कसला, सगळं तिथेच तर अडलंय. इथे रक्तगट जुळायची गरज नसते, जुळावं लागतं ते एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, आणि ती अर्धी आईकडून अर्धी बापाकडून येते. म्हणून सख्ख्या भावंडाचं जुळायची शक्यता 25 टक्केच असते, तुमच्या भाचीचं जुळलं नाही यात तिचा काही दोष नाही, तिला हे कोणीतरी जवळ घेऊन सांगा. घराबाहेर शोधायचं तर ज्यांचे पूर्वज एक त्यांच्यात सापडायचा चान्स जास्त, आणि आपल्या गोव्यात पेडणे ते काणकोण सगळ्यांनीच पिढ्यानपिढ्या आपापल्यात लग्नं केलीत, मुसलमान काय, ख्रिश्चन काय, गावडे-वेळीप आदिवासी काय आणि आम्ही हिंदू तरी काय. ब्रिटनमध्ये अँथनी नोलन ही संस्था 1974 पासून असे डोनर नोंदवायचं काम करते, तिथे गोऱ्या पेशंटला चांगला मॅच मिळायची शक्यता 72 टक्के सांगतात आणि अल्पसंख्य वंशाच्या पेशंटला 37, त्यामुळे तिथल्या आशियाई आणि मुस्लिम वस्त्यांत हीच विनवणी चालू असते. यादीत आपली माणसं नसली की आपल्या पोरांना शोधूनही कोणी सापडत नाही, एवढं सरळ आहे ते.

कण्याचं म्हणाल तर कण्याला कोणी हातच लावत नाही. नोंदणीला गालाच्या आतून कापसाचा फाया फिरवतात, मी स्वतः दिलाय, गुदगुल्या झाल्या आणि फॉर्म भरायलाच जास्त वेळ गेला. पुढे कधी मॅच लागलाच तर बहुतेक वेळा 4-5 दिवस इंजेक्शनं देतात, त्याने रक्त बनवणाऱ्या पेशी वाढून रक्तात उतरतात, मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या होतात, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं, 4-5 तास लागतात. इंजेक्शनांनी ताप आल्यासारखं अंग दुखतं, हाडं ठणकतात, हे लपवू नका, पण ते थोड्या दिवसांत जातं. क्वचित कमरेच्या हाडातला मगज (बोन मॅरो, जिथे रक्त बनतं) घेतात, ते भूल देऊन. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढतं, मुलींच्या आयांना हेच सांगा, लग्नाला मुलाबाळांना काही बाधत नाही. डोनरला खर्च पडत नाही.

मजहबचा निवाडा मी करणारी कोण, पण रक्तदानासारखंच हे जिवंतपणी देणं आहे, काही कापून काढत नाहीत, आणि एक जीव वाचवला त्याने जणू सगळी माणसं वाचवली हे कुराणातल्या पाचव्या सूऱ्यातच, म्हणजे अध्यायातच, आहे. इमामसाहेबांना आधी भेटा, वर लिहिलेली प्रक्रिया नीट समजावून सांगा आणि जुम्म्याला त्यांनाच बोलायला सांगा, आपण दहा वेळा सांगण्यापेक्षा त्यांनी एकदा सांगितलेलं चालतं. कॅम्प रमजान सोडून ठेवा.

आता दोन गोष्टी मन घट्ट करून वाचा. कॅम्प घेतला म्हणजे भाच्यालाच मॅच मिळेल असं नाही, कदाचित तुमच्या मोहल्ल्यातला मुलगा भलत्याच गावच्या पोराला लागेल आणि तुमच्या भाच्याला कुठला तरी अनोळखी माणूस, म्हणून चुलत-मामे भावंडांचं बघता येईल का, किंवा आईवडिलांचं अर्धं मॅच चालेल का, हे डॉक्टरांना वेगळं विचारा, कॅम्पवर थांबून राहू नका. आणि दुसरं, भिडेखातर कोणाचं नाव घेऊ नका प्लीज. ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटला जबर औषधं देऊन त्याचा स्वतःचा हाडातला मगज संपवतात, त्या वेळेला डोनरने घरच्यांच्या दबावाने पाय मागे घेतला तर त्या पोराच्या अंगात रक्त बनवणारं काहीच उरलेलं नसतं. ज्याला नाही म्हणायचंय त्याने फाया देण्याआधी म्हणावं, त्याला कोणी वाईट बोलू नये. म्हणूनच नवरा, सासू, आई यांच्यासमोर बोलणं झालेलं बरं.

दात्री किंवा डीकेएमएस इंडिया या डोनरची यादी ठेवणाऱ्या रजिस्ट्रीशी बोला, वयाची अट साधारण 18 ते 50-55, ते किट देतात. बायकांसाठी वेगळी खोली ठेवा, फाया आपला आपणच फिरवायचा असतो त्यामुळे बुरखा काढायचा, कोणी हात लावायचा प्रश्नच येत नाही.