व्होल्टेज वाहत नाही!

विचारलंय की "रेझिस्टरमधून (करंटला अडवणाऱ्या भागातून) ५ व्होल्ट व्होल्टेज वाहतं" हे बरोबर आहे का, आणि रेझिस्टन्सला रोध म्हणायचं की प्रतिरोध.

पहिलं साफ चूक. हे इतक्यांदा कानावर पडतं की आता डोकंच फिरतं, शिकवणारेसुद्धा सर्रास असंच बोलतात. वाहतो तो करंट, व्होल्टेज नाही.

खरी गंमत 'विभवांतर' (पोटेन्शियल डिफरन्स, म्हणजेच व्होल्टेज) ह्या शब्दात आहे, जो सगळे परीक्षेपुरता पाठ करतात आणि सोडून देतात. जरा फोडून बघा. विभव म्हणजे संस्कृतात सामर्थ्य, ऐश्वर्य, आपलं 'वैभव' ह्या विभवावरूनच आलंय. आणि पोटेन्शियलच्या मुळाशी लॅटिन 'पोटेन्शिया', म्हणजे परत सामर्थ्यच! माझं तर ठाम मत आहे की ज्याने कोणी हा शब्द निवडला त्याने नुसतं भाषांतर उरकलं नाही, पार मुळाला मूळ जुळवलं. वर 'अंतर' जोडलंय तेही किती नेमकं, अंतर कधी एकाच बिंदूचं असतं का? दोन बिंदू लागतातच, आणि अंतर काही वाहत नाही.

काही जाणकार म्हणतात 'विद्युत दाब' म्हणा, सोपं पडतं. मला अजिबात मान्य नाही. दाब म्हटलं की दुसरा बिंदू डोक्यातून गायबच होतो. मग नोडल अॅनालिसिसमध्ये, म्हणजे सर्किटमधल्या प्रत्येक जोडाचं (नोडचं) व्होल्टेज काढताना, आधी एक नोड शून्य व्होल्ट का धरतात हे दाबवाल्यांनी समजावून सांगावं. मल्टिमीटर हातात घेतला तरी कळतं, व्होल्टेज मोजायला दोन प्रोब दोन टोकांना नुसते टेकवायचे, करंट मोजायचा तर सर्किट तोडून मीटर मध्ये घालावा लागतो कारण करंट मीटरमधून जायला हवा.

९ व्होल्टच्या बॅटरीला १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, लावा. करंट दोघांतून एकच, ३ मिलिअँपिअर. एकावर ३ व्होल्ट, दुसऱ्यावर ६, बेरीज ९. किरखॉफने १८४५ मध्ये विद्यार्थी असताना मांडलेला लूपचा नियम तो हाच, बंद वाटेत बॅटरीचं व्होल्टेज आणि वाटेवरच्या व्होल्टेजची बेरीज सारखी. व्होल्टेज वाहत असतं तर दोन्हीकडे सारखंच नको का मिळायला?

हां, आणि मराठीत रोधच म्हणा. रुध् म्हणजेच अडवणं, 'प्रति' हिंदीवाल्यांना लखलाभ.